नारळ ठेवला, विषय संपला

"महाराजांनी देवीपुढे नारळ ठेवलाय. विषय संपला," असं अध्यक्षांनी मला माझ्याच ऑफिसात, माझ्याच समोरच्या खुर्चीत बसून सांगितलं. गोदामाच्या भाडेकरारावर सह्या झाल्या की 'आता चहा सांगा' म्हणताना त्यांचा आवाज जसा असायचा तसाच तो होता. मी चहा सांगितला. पक्षकार समोर बसला की चहा सांगावा, एवढी वकिली मला येत होती.

अध्यक्ष म्हणजे आमच्या भिवंडी तालुक्यातल्या एका गावच्या गावकीचे अध्यक्ष. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात. गावकी म्हणजे जुन्या घरांतल्या कर्त्या पुरुषांची बैठक. कायद्यात तिला कुठेही जागा नाही आणि गावात तिला विचारल्याशिवाय लग्नाची तारीखही ठरत नाही. भिंतीवरून, बांधावरून, सुनेवरून भांडण झालं की गावकी देवळात बसते, ज्याची चूक त्याला बोलावते, आणि तो सगळ्यांदेखत चूक कबूल करून देवीपुढे नारळ ठेवतो. नारळ ठेवला की प्रकरण मिटलं. त्यानंतर त्या विषयावर जो बोलेल तो गुन्हेगार. एका बांधापुरती ही पद्धत फार शहाणपणाची आहे, हे मी आजही म्हणेन. बांधाच्या भांडणांवर मी अनेक वर्षं पोट भरलं आहे. कोर्टापेक्षा गावकी बरी, हे मला पक्षकारांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

अध्यक्ष माझे चांगले पक्षकार होते. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत कशेळीपासून पुढे रस्त्याकडेच्या भातशेतीवर गोदामं उगवत होती, आणि अध्यक्षांच्या जमिनीवर ती इतरांपेक्षा लवकर उगवली. पांढरा सफारी, गळ्यात साखळी, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल आणि हातात तिसरा. त्यांच्या देणगीच्या जमिनीवर गावाबाहेर एक मठ उभा होता आणि मठाच्या ट्रस्टचेही ते अध्यक्षच होते. दोन्ही अध्यक्षपदांत ते स्वतः काही फरक करत नसत.

मठातले महाराज बाहेरून आलेले. हायवेवरच्या फलकावर त्यांच्या नावाआधी इतक्या पदव्या असायच्या की नावाला शेवटच्या ओळीत जेमतेम जागा उरायची. फलकाच्या खालच्या भागात अध्यक्ष हात जोडून उभे. संध्याकाळी मठात गावातली मुलं पखवाज आणि पाठांतर शिकायला जायची. फुकट शिकवत, आणि मुलं तेवढाच वेळ रस्त्यावरच्या कंटेनरपासून लांब, म्हणून आया खूश असायच्या.

त्यातलीच एक आई अध्यक्षांच्या आधी दोन दिवस माझ्याकडे आली होती. तिचा नवरा अध्यक्षांच्या एका गोदामात वॉचमन. मला तिनं तिथंच कधीतरी पाहिलं होतं आणि 'ही बाई कागद वाचून मगच सही करू देते' एवढं लक्षात ठेवलं होतं. मुलगा सातवीत. तो मठात जायचं नाही म्हणू लागला. आधी तिनं त्याला दोन ठेवून दिल्या, मग पखवाज महाग घेतलाय म्हणून समजावलं, आणि मग एका दुपारी त्यानं तिला सांगितलं. काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते फिर्यादीत आहे, साक्षीत आहे, निकालपत्रात आहे. मुलानं तीनदा सांगितलं, तेवढं पुरे.

ती पहिल्यांदा पोलिसांत गेली नाही. तिच्या गावात कोणीच जात नाही. ती अध्यक्षांकडे गेली. अध्यक्षांनी, त्यांच्या बाजूनं बोलायचं तर, उडवून लावलं नाही. त्यांनी गावकी बसवली, महाराजांना बोलावून घेतलं, विचारलं, आणि महाराजांनी भरल्या देवळात 'घडलं, चूक झाली, पदरात घ्या' म्हणून नारळ ठेवला. बायका बाहेर पायरीवर बसल्या होत्या. हिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. तिला वाटलं, आता महाराज जाणार. महाराज मठात परत गेले आणि दुसऱ्या दिवशी आरतीला उभे राहिले. आठवड्याभरात गावात असं बोललं जाऊ लागलं की पोरगं मुळात खोटारडं आहे, पखवाज जमत नव्हता म्हणून बनाव केला, आणि महाराजांनी मोठ्या मनानं वाद मिटवला. म्हणजे महाराजांनी केलं होतं म्हणून नारळ, आणि केलं नव्हतं म्हणून मोठं मन. दोन्ही गोष्टी एकाच ओट्यावर बसून तीच माणसं सांगत होती, आणि कोणाला ठसका लागत नव्हता.

मी तिला विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय. पक्षकाराला हे विचारावं लागतं, कारण बहुतेकांना जे हवं असतं ते कोर्टात मिळत नाही.

"मना पैसं नको," ती म्हणाली. "त्याला मारायला बी नको. माजा पोऱ्या खोटा न्हाय, येवढा कुनीतरी मोठ्यानं सांगावा. शालेत पोरं त्याला महाराज बोलतान, बाय."

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी मला ओळखलं, खुर्ची दिली, तिला उभं ठेवलं. मी खुर्ची तिला दिली तेव्हा आणखी एक खुर्ची आली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फार समजूतदारपणे विचारलं, "मुलगा आहे ना, मॅडम? मग विनयभंग कसा लावू? कलमात स्त्री लिहिलंय."

वैताग असा की साहेब चुकीचं बोलत नव्हते. मुलांवरच्या अत्याचारासाठी वेगळा कायदा यायला अजून बरीच वर्षं होती. दंड संहितेत बलात्कार स्त्रीवरचा, विनयभंगही स्त्रीचाच. मुलग्याच्या वाट्याला एकच कलम, तीनशे सत्त्याहत्तर. इंग्रजांनी भलत्याच गोष्टीसाठी लिहून ठेवलेलं आणि एरवी ज्यांनी कोणाचं काही वाईट केलेलं नाही अशा माणसांना घाबरवायला वापरलं जाणारं. त्यात बसेल इतकं घडलं असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. त्याहून थोडं कमी घडलं असेल तर किरकोळ मारहाण, अदखलपात्र, घरी जा. मधे काही नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाचं किती नुकसान झालं हे ठरवायला कायद्याकडे दोनच मापं होती, एक वखारीतला काटा आणि दुसरं काहीच नाही.

या मुलाचं दुर्दैव म्हणा, त्याच्याबाबतीत घडलेलं त्या कलमात बसत होतं. हे मला त्याच्या आईसमोर, टेबलावर बोट ठेवून, साहेबांना पटवावं लागलं. 'बसतं, बसतं,' असं मी म्हणत होते, जणू काही चांगली बातमी देत होते. फिर्याद लिहून घेतली गेली. आरोपीचं संपूर्ण नाव या रकान्यात हवालदारांनी सवयीनं फलकावरच्या सगळ्या पदव्या लिहायला घेतल्या; दुसऱ्या पदवीला साहेबांनी त्यांचा हात थांबवला. महाराजांना एक साधं नाव आणि आडनाव होतं. ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, ट्रस्टच्या कागदांतून शोधून काढावं लागलं.

आता अध्यक्षांकडे येते. पोलिसांत तक्रार गेल्याचं कळताच ते आपल्या पांढऱ्या गाडीतून ठाण्यात गेले. प्रकरण दाबायला गेले असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ते पोलिसांचे कष्ट वाचवायला गेले. त्यांनी साहेबांना सविस्तर सांगितलं की या प्रकरणाचा निकाल लागलेला आहे: गावकी कशी बसली, महाराजांना कोणी निरोप दिला, त्यांना काय विचारलं, त्यांनी सगळ्यांसमोर काय कबूल केलं, नारळ कुठे ठेवला. आरोपीनं पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण गावासमोर दिलेली चालते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. अध्यक्षांना वाटलं, आपल्या गावकीची नोंद होते आहे, आणि कोणाची नावं राहिली ती त्यांनी आठवून आठवून सांगितली. तिथून ते थेट माझ्याकडे आले, आणि 'विषय संपला' म्हणाले.

चहा झाल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं की मी त्या बाईचं काम घेतलंय. त्यांना राग आला नाही. माझी कीव आली.

"ताई, तुम्ही शिकलेल्या," ते म्हणाले. "नारळ ठेवल्यावर तो विषय काढायचा नसतो, हे तिला कळत नाही, ठीक आहे. तुम्हाला कळायला नको?"

पुढच्या आठवड्यात त्यांची सगळी भाडेकरारांची कागदपत्रं माझ्याकडून गेली. न्यायला आलेल्या माणसाला गोणी कमी पडली.

महाराजांना अटक झाली आणि जामीनही झाला. जामिनावर सुटले त्या दिवशी हायवेपासून मठापर्यंत बँजो पथक होतं, आणि फलकावर एक नवी ओळ: सत्याचा विजय. खटला अजून उभाही राहिला नव्हता. त्या बाईशी गावात बोलणं बंद झालं. तिला कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. गिरणीवर ती गेली की गिरणी बंद व्हायची, ती निघाली की सुरू. नवऱ्याची नोकरी तेवढी गेली नाही, कारण अध्यक्षांना आपण सूड घेतो असं म्हणवून घ्यायचं नव्हतं. फक्त त्याची ड्युटी कायमची गोदामाच्या मागच्या फाटकावर लागली, जिथे गाडी येत नाही आणि माणूसही येत नाही. मुलाला तिनं भिवंडीत बहिणीकडे ठेवलं आणि तिथल्या शाळेत घातलं. मठाची बातमी तिथंही त्याच्या आधी पोचली होती.

खटला आमच्याच कोर्टात, प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांसमोर. कायद्याची आणखी एक गंमत इथे सांगायला हवी. या कलमात जन्मठेप लिहिलेली, आणि ते चालवायचं अशा न्यायाधीशासमोर ज्याला तीन वर्षांच्या वर शिक्षा देता येत नाही. हे ज्यांनी ठरवलं त्यांना बहुधा असे गुन्हे फार घडतील असं वाटलं नसावं, किंवा घडले तर फार मनावर घेऊ नयेत असं वाटलं असावं.

खटला सरकारी वकील चालवतात. मी त्यांच्या मागे बसून चिठ्ठ्या देणारी. मुलाच्या साक्षीच्या दिवशी कोर्टात बसायला जागा नव्हती. पांढरे कपडे, कपाळाला गंध, हातात माळा. मठाची मंडळी दोन जीपगाड्या भरून आली होती. अशा साक्षी बंद दाराआड घ्याव्यात आणि मुलाला आरोपी दिसू नये असं वरच्या कोर्टानं नुकतंच सांगितलं होतं. ते भिवंडीपर्यंत अजून पोचलं नव्हतं, म्हणून मी त्याची झेरॉक्स घेऊन गेले. न्यायाधीश तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी ती दोनदा वाचली आणि कोर्ट रिकामं करायला सांगितलं. मंडळी उठायला तयार नव्हती. महाराजांनी हात वर केला तेव्हा उठली. न्यायाधीशांच्या हुकुमानं नाही, आरोपीच्या हातानं. हे न्यायाधीशांनीही पाहिलं.

पडदा कुठून आणायचा, हा प्रश्न शिपायानं सोडवला. भिवंडीत कापडाला तोटा नाही. समोरच्या गल्लीतल्या एका लूमवरून मांजरपाटाचं कोरं कापड आलं, दोन लोखंडी कपाटांच्या मध्ये बांधलं गेलं. मुलगा त्याच्या अलीकडे उभा राहिला. खळीचा वास येत होता. त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आरोपीच्या वकिलांनी विचारलं की पखवाज येत नव्हता म्हणून तू हे सांगतोस ना. त्यानं विचार केला आणि म्हणाला की पखवाज येत होता. पडद्यापलीकडे महाराज खोकले तेव्हा तो थांबला, आईकडे बघितलं, आणि पुढचं वाक्य बोलला.

साक्ष चांगली झाली, पण सरकारी वकिलांना भरवसा नव्हता. तक्रार उशिरा, डॉक्टरी तपासात काही नाही, एकटं मूल. नारळाची साक्ष आली तर खटला उभा राहतो, नाही तर संशयाचा फायदा, असं ते मला कॅन्टीनमध्ये म्हणाले. आणि संशयाचा फायदा म्हणजे काय हे मला माहीत होतं: गावाच्या भाषेत त्याचा अर्थ, पोरगं खोटारडं, कोर्टाचा शिक्का मारून.

नारळाचे साक्षीदार एकेक आले. देऊळभर माणसं त्या दिवशी हजर होती, आणि आता प्रत्येकाला आठवत होतं की बैठक मठाच्या सभामंडपाच्या स्लॅबसाठी होती. नारळ स्लॅबचा. महाराज स्लॅबसाठी आले होते. चूक पदरात घ्या, असं कोणी म्हणाल्याचं ऐकलं नाही. देवळात पंखा मोठा आवाज करतो. पहिल्या साक्षीदारानं स्लॅब म्हटलं तेव्हा मला राग आला. तिसऱ्यानं म्हटलं तेव्हा स्लॅबची जाडी विचारावी असं वाटू लागलं. दरवेळी सरकारी वकील उठून साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करायचे, त्याचा पोलिसांकडचा जबाब वाचून दाखवायचे, आणि तो म्हणायचा की पोलिसांनी मनानं लिहिलं. ती बाई मागच्या बाकावर बसून या सगळ्यांना ऐकत होती. हे तिचे दीर, चुलत सासरे, शेजारी. त्या दिवशी पायरीवर बसलेल्या तिच्या शेजारून देवळात शिरलेले.

मग अध्यक्ष आले. महाराजांचा बचाव करणाऱ्या, ठाणे शहरातल्या मोठ्या वकिलांनी त्यांना दरम्यान समजावलं होतं की आपण पोलिसांत काय करून बसलो. साक्षीच्या पिंजऱ्यात ते उभे राहिले तेव्हा पहिल्यांदाच मला ते वयस्क वाटले. त्यांनी स्लॅब म्हटलं. सरकारी वकिलांनी जबाब वाचला. त्यांनी 'असं मी सांगितलं नाही' म्हटलं, शुद्ध मराठीत, खाली बघून. आमचं संपलं होतं. मी वहीत उरलेल्या साक्षीदारांच्या नावांवर रेघोट्या मारत बसले.

आता ठाण्याच्या वकिलांनी फक्त 'प्रश्न नाहीत' म्हणायचं होतं. पण ते मोठे वकील होते, पाठीमागे चार कनिष्ठ होते, आणि बाकांवर मठाची आणि गावाची माणसं होती. मोठ्या वकिलाला इतक्या लोकांसमोर काहीही न बोलता बसणं जड जातं. ते उठले, कोट सारखा केला.

गावकीला कायद्यानं काही अधिकार नाही, हे बरोबर ना, असं त्यांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, कायद्यानं नाही. हल्ली तुमच्या गावकीचं कोणी फारसं ऐकतही नाही, हेही बरोबर? अध्यक्षांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मागच्या बाकावर कोणीतरी घसा साफ केला.

"माझं म्हणणं असं," वकील म्हणाले, "की महाराजांसारख्या अधिकारी पुरुषाला तुमच्यासारख्यानं देवळात बोलावून घ्यावं आणि त्यांनी यावं, हे शक्यच नाही."

अध्यक्षांनी मान वर केली. "शक्य न्हाय म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या शब्दाला ते येणार नाहीत."

"माजा निरोप गेला तवा तो जेवत व्हता," अध्यक्ष म्हणाले. "ताट टाकून आला."

शुद्ध मराठी गेली होती. वकिलांना धोका दिसला आणि ते बसू लागले, पण न्यायाधीशांनी लिहिता लिहिता न बघता विचारलं, "कशासाठी बोलावलं होतं?" वकील पुन्हा उठले. न्यायाधीशांनी डावा हात थोडा उचलला आणि ते बसले.

अध्यक्षांनी एकदा बाकांकडे पाहिलं. तिथे त्यांची सगळी गावकी बसलेली होती. मला वाटतं त्या क्षणी त्यांच्यासमोर महाराज नव्हते, मुलगाही नव्हता. प्रश्न एवढाच होता की या माणसांदेखत एक कोटवाला त्यांना कोणी विचारत नाही म्हणाला होता.

"त्या पोराच्या पायी बोलावला," ते म्हणाले. "सगल्या गावासमोर मी इचारला, घडला का न्हाय घडला? तो बोलला, घडला. चूक झाली. मंग मी बोल्लो, ठेव नारल. त्यानं ठेवला. मी सांगला म्हनून ठेवला. ह्यांना ठान्यात बसून काय म्हाईत आमची गावकी काय हाय."

कोर्टात टाइपरायटरचा आवाज तेवढा येत राहिला. टंकलेखकानं सगळं घेतलं. महाराजांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांची मंडळी त्यांच्याकडे बघून डोळे मिटायचे की नाही या विचारात पडली. मी सत्याची बाजू घेणाऱ्या माणसाची बरीच वर्षं वाट बघितली होती. तो आला तो असा, अपमान झाला म्हणून.

पुढच्या तारखेला राहिलेले साक्षीदार आले. त्यांना स्लॅब आठवला नाही. अध्यक्ष बोलले म्हटल्यावर बोलायला हरकत नव्हती. सगळ्यांना शब्दन् शब्द आठवत होता आणि देवळातला पंखा त्या दिवशी बंद होता.

महाराज दोषी ठरले. शिक्षा कमी होती, न्यायाधीशांच्या हातात होती तेवढ्यातली. लगेच अपील, लगेच जामीन. अपिलात ती कायम झाली तेव्हा मुलगा दहावीला बसला होता. आमच्या कोर्टातल्या पहिल्या निकालाच्या दिवशी ती बाई माझ्या शेजारी उभी होती. निकालपत्र मराठीत होतं. मी तिला ते पान काढून दाखवलं आणि वाचून दाखवलं, की मुलाची साक्ष नैसर्गिक व विश्वासार्ह असून ती नाकारण्यास कोणतेही कारण दिसून येत नाही. तिनं विचारलं, नैसर्गिक म्हणजे काय. मी म्हणाले, म्हणजे खरं. तिनं परत वाचायला लावलं. मग त्या एका पानाच्या झेरॉक्स काढून मागितल्या, पुष्कळ, आणि पिशवीत घातल्या.

मी तिथे थांबायला हवं होतं, पण माझा राग शिल्लक होता. महाराज एक, त्यांनी केलेलं ठाऊक असूनही त्यांना परत मुलांमध्ये बसू देणारे देऊळभर. त्यांच्यासाठी काय कलम आहे, हे मी रात्रंदिवस शोधत होते, आणि नव्हतं. माहीत असून गप्प बसणं हा तेव्हा गुन्हा नव्हता. शेवटी मी त्या बाईच्या सहीनं धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केला की या विश्वस्तांना काढा. अध्यक्षांना नोटीस गेली तेव्हा ते कितीतरी दिवसांनी माझ्या ऑफिसात आले आणि जुन्या खुर्चीत बसले. म्हणाले, या नोटिशीला उत्तर तुम्हीच लिहा, तुम्हाला सगळं प्रकरण माहीत आहे. मी म्हणाले, अध्यक्ष, अर्ज मीच लिहिलाय. ते म्हणाले, मग तर बरंच झालं, तुम्हाला दोन्ही बाजू ठाऊक. हे ते मनापासून म्हणत होते. मी चहा सांगितला नाही. सुनावणीत त्यांनी सांगितलं की आम्ही गप्प बसलो हे खोटं, आम्ही निकाल दिला होता. बऱ्याच तारखांनंतर एका विश्वस्ताला जावं लागलं. त्याच्या जागी त्याचा मुलगा आला. अध्यक्ष अध्यक्षच राहिले.

गावातली हकिकत तर आणखी पुढे गेली. अध्यक्ष सगळीकडे सांगू लागले की महाराजाला पहिल्यांदा पकडला तो गावकीनं. कोर्टानं नंतर फक्त सही केली. लोकही तसंच सांगू लागले. ज्या ओट्यावर पोरगं खोटारडं ठरलं होतं तिथंच आता ते खरं ठरलं होतं, आणि दोन्ही वेळा सगळ्यांना पहिल्यापासूनच माहीत होतं. त्या झेरॉक्स कोणी वाचल्याचं मला काही कळलं नाही. मी चिडून त्या बाईला म्हटलं, तुम्ही हे ऐकून कसं घेता.

"बोलू द्या ना," ती म्हणाली. "अध्यक्ष जवर बोलतान तवर माजा पोऱ्या खरा हाय."

मठ बंद झाला नाही. वर्षभरात तिथे दुसरे महाराज आले, तरुण, मोबाइलवाले, आणि संध्याकाळचा पखवाजाचा वर्ग पुन्हा सुरू झाला. गावातली मुलं पुन्हा जाऊ लागली. मी तिला विचारलं की यावर काही करता येईल का ते बघू का, आणि विचारतानाच मला कळत होतं की बघण्यासारखं कलम नाही. ती म्हणाली, ते तिनं केलंय.

वर्ग भरला की ती सुपात तांदूळ घेऊन मठाच्या सभामंडपाच्या दारात बसायची, निवडत. वर्ग सुटेपर्यंत. तिचा मुलगा तिथे जात नव्हता, तिला तिथे काही काम नव्हतं. पहिल्या दिवशी नव्या महाराजांनी गोड बोलून सांगितलं की माऊली, वर्गात व्यत्यय येतो. ती हसली आणि निवडत राहिली. हळूहळू ज्यांची मुलं वर्गात होती त्या दोघीतिघी तिच्याजवळ येऊन बसू लागल्या. त्यातली एक गिरणीवाल्याची सून. नव्या महाराजांनी अध्यक्षांकडे तक्रार नेली. अध्यक्षांनी त्यांना सांगितलं की ती बसणार, दारात बाईमाणूस बसवायचं हे गावकीनं ठरवलंय.

गावकीनं असं कधी ठरवलं, मी तिला विचारलं.

"कदी न्हाय," ती म्हणाली. "मी बसले. मंग त्यांनी ठरवला."